पुरुषांच्या स्तनाचा कर्करोग



व्याख्यानमालेची पत्रिका छापावयास जाण्यापूर्वी आपल्या कार्यवाहांनी मला अगदी संकोचत विचारले, "शीर्षकात काही चूक तर राहिली नाही ना? 'स्त्रियांच्या' असे हवे होते काय?" मी म्हणालो, चूक नाही, आहे तसेच छापा. परंतु त्यांना आलेली शंका अगदी स्वाभाविक होती, आणि खरे सांगावयाचे तर तिच्यातच आजच्या विषयाचा निम्मा इतिहास आलेला आहे. वैद्यांना, शस्त्रवैद्यांना आणि खुद्द रोग्यांना हीच शंका शतकानुशतके येत गेली. आणि शंका फिटेपर्यंत गाठ वाढत गेली.

पुरुषाला स्तन असतात कोठे, असा प्रश्न येथे बसलेल्यांपैकी काहींच्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. लहान मुलगा आणि लहान मुलगी यांच्या छातीत स्तनाग्रामागे जे थोडेसे ग्रंथिमय मांस असते, त्यात सांगण्यासारखा फरक नसतो. वयात येताना मुलीच्या शरीरातील संप्रेरके, म्हणजे पूर्वी आपण ज्यांना अंतःस्राव म्हणत असू ते, त्या मांसाला वाढवितात. मुलाच्या शरीरात ते तसेच निजून राहते. निजून राहते, नाहीसे होत नाही, एवढेच लक्षात ठेवावयाचे. जेथे पेशी आहेत तेथे त्यांची बेबंद वाढ होण्याचा संभवही आहे. स्तनाच्या कर्करोगाचे शंभर रोगी घेतले तर त्यांत पुरुष साधारण एखादा निघतो. कधी तेवढाही नाही. रोग दुर्मीळ आहे यात संशय नाही. पण जे दुर्मीळ ते घडतच नाही, असे मानण्याची आपल्या मनाला खोड असते.

या विषयाकडे मी पुस्तकांतून वळलो नाही. माझे आजोळ मनोरीचे. मालाडहून बसने मार्व्याला उतरावे, फेरीबोटीत बसावे आणि खाडी ओलांडावी, की पलीकडे मनोरी. मुंबईच्या नकाशात ती उपनगरात मोडते. पण बोटीतून उतरले की सुक्या बोंबलांचा वास येतो, कौलारू घरे दिसतात, आणि आपण शहरात आहोत हे विसरावयास होते. माझे मामा तेथे मासेमारी करीत. १९९४ साली ते एकसष्ट वर्षांचे होते. डाव्या छातीवर, अगदी बोंडीच्या मागे, त्यांना वाटाण्याएवढी कठीण गाठ लागली. दुखत नव्हती. जाळ्याचा दोर ओढताना छातीला घासतो, त्याचा घट्टा पडला असेल, असे त्यांनी ठरवून टाकले. मग तिच्यावर पाला बांधून झाला, तेल चोळून झाले. एका डॉक्टरांना दाखविले तर त्यांनी हसून मलम दिले. मलम सात महिने चालले! तोवर बोंडी आत ओढली गेली होती. शेवटी ते कळले कोणाला, तर मामीला. आणि तेही कपडे धुताना. मामांच्या गंजिफ्राकावर एकाच जागी रक्ताचा पुसट डाग दर वेळी दिसू लागला. मामीने विचारले, तर मामा चिडले. बायकांचे दुखणे आपल्याला झाले असे कोळीवाड्यात कळले तर लोक काय म्हणतील, ही त्यांची खरी धास्ती होती. भरतीओहोटीला, वाऱ्यावादळाला न भिणारा माणूस त्या एका शब्दाला भ्याला.

मामांना तसेच ठेवून मी आता बराच मागे जातो.

१८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या एका अमेरिकन माणसाने इजिप्तमधील लक्सर येथे एक जुनी पपायरसची गुंडाळी विकत घेतली. तिचे भाषांतर व्हावयास १९३० साल उजाडले. ते जेम्स हेन्री ब्रेस्टेड या पंडिताने केले. गुंडाळी इसवी सनापूर्वी सुमारे सोळाशे वर्षांची. तिच्यातील मजकूर त्याहून कितीतरी जुना असावा असे जाणकार म्हणतात. तिच्यात अठ्ठेचाळीस रोग्यांची वर्णने आहेत. त्यांपैकी पंचेचाळिसावा रोगी आपल्या उपयोगाचा. त्याच्या छातीवर फुगीर गाठी आहेत, हात लावला तर त्या गार लागतात, ज्वर नाही, पू नाही, पाणी नाही. प्रत्येक रोग्याच्या शेवटी उपचार लिहिण्याची त्या लेखकाची रीत. येथे मात्र उपचार नाही, एवढेच त्याने लिहिले आहे. पुष्कळ ग्रंथकार यास पुरुषाच्या स्तनाच्या कर्करोगाची जगातील पहिली नोंद म्हणतात. मी तितक्या उत्साहाने म्हणणार नाही. कारण त्या गुंडाळीत प्रत्येकच रोग्याला "मनुष्य" असे पुल्लिंगी संबोधण्याचा साचा आहे. तेवढ्यावरून तो पुरुषच होता असे ठरत नाही. तथापि एक गोष्ट खरी. या गाठी निराळ्या आहेत आणि आपला हात येथे चालत नाही, हे त्या अनाम वैद्याने प्रामाणिकपणे लिहून ठेविले. सात महिने मलम देणाऱ्यापेक्षा तो मला जवळचा वाटतो.

आपल्याकडे सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार केला आहे. अर्बुद म्हणजे मोठी, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी आणि बहुधा न पिकणारी गाठ. ती शरीरात कोठेही उद्भवू शकते असे तो मानतो. त्याने तिला स्त्रीची किंवा पुरुषाची असे वाटून दिलेले नाही.

युरोपात मात्र तसे वाटप झाले. गॅलन या ग्रीक वैद्याच्या मते कर्करोग हा काळ्या पित्ताचा रोग. स्त्रीच्या शरीरातून ते पित्त मासिक स्रावावाटे वाहून जाते. स्राव थांबला की ते स्तनात साठते आणि तेथे कर्करोग होतो. हे मत दीड हजार वर्षे टिकले. आता या मताने पुरुषाची उपपत्ती कशी लावावयाची? लावता येत नव्हती. म्हणून पुरुष रोगी बाजूस पडला. जे सिद्धांतात बसत नाही ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, याचे हे चांगले उदाहरण होय. चौदाव्या शतकात इंग्लंडमधील जॉन आर्डर्न या शस्त्रवैद्याने एका धर्मगुरूच्या छातीवर बोंडीजवळ झालेल्या गाठीची हकीकत लिहिली आहे, आणि पुरुषाच्या रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन म्हणून तिचाच उल्लेख करण्याची पद्धत आहे. त्यानंतर एखाददुसरा वैद्य अशी हकीकत लिहीत राहिला. पण नवलाची गोष्ट म्हणून, रोग म्हणून नव्हे.

कारणांचा शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला तो अठराव्या शतकाच्या आरंभी. कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या रामाझ्झिनी या इटालियन वैद्याला दिसले की मठांतील जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो. १८४२ साली रिगोनी-स्टर्न याने व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी चाळून तेच आकड्यांनी मांडले. बाळंतपण न झालेल्या स्त्रियांत रोग अधिक, म्हणजे या रोगाचा धागा शरीरातील कोणत्या तरी स्रावाशी असला पाहिजे, असा तर्क त्यातून निघू शकत होता. तो प्रत्यक्ष प्रयोगाने दाखविला १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन याने. बीजांडकोश काढून टाकल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातील गाठी विरघळू लागतात, असे त्याने प्रसिद्ध केले. संप्रेरक हा शब्द तेव्हा कोशात आला नव्हता. पण गोष्ट कळली होती.

आता ध्यानात घ्या, हेच सूत्र पुरुषाकडे येण्यास आणखी शेहेचाळीस वर्षे लागली. १९४२ साली न्यूयॉर्कमधील फॅरो आणि अॅडेअर या दोघा शस्त्रवैद्यांनी स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलेल्या एका पुरुषाचे वृषण काढले, आणि हाडांतील रोग मागे हटला. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये हॅरी क्लाइनफेल्टर या तरुण डॉक्टराने आपल्या दोघा सहकाऱ्यांसह नऊ पुरुषांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची छाती वाढलेली, वृषण लहान. असे का, हे मात्र १९५९ साली उलगडले. एडिंबरो येथे पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी दाखविले की अशा पुरुषांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त असते. पुरुषाला क्ष आणि य अशी जोडी असावयाची, यांना दोन क्ष आणि एक य. दर हजार मुलग्यांत असा एखाददुसरा जन्मतो आणि पुष्कळांना ते आयुष्यभर कळतही नाही. इतर पुरुषांच्या मानाने यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो. घाबरावयाचे कारण नाही. मूळ धोकाच इतका थोडा की पुष्कळ पटींनी गुणूनही यांतील बहुसंख्यांना हा रोग होत नाही.

याच संदर्भात दुसऱ्या महायुद्धातील एक चमत्कारिक हकीकत सांगण्याजोगी आहे. जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांना महिनोमहिन्यांच्या उपासमारीनंतर पोटभर अन्न मिळू लागले, आणि त्यांपैकी कित्येकांच्या छाती दुखऱ्या होऊन वाढल्या. डॉक्टर चक्रावले. उलगडा असा की, पुरुषाच्या शरीरातही थोडेसे स्त्री-संप्रेरक तयार होतच असते आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे काम यकृत करते. उपासमारीने यकृत दुबळे झाले, आणि अन्न मिळताच वृषण मात्र पुन्हा कामास लागले, तोल गेला. या कैद्यांना झाले तो कर्करोग नव्हे. तशी वाढ वयात येणाऱ्या मुलांत होते, म्हातारपणी होते, काही औषधांनीही होते. ती बहुधा मऊ किंवा रबरासारखी असते, दुखते, पुष्कळदा दोन्ही बाजूंस असते. परंतु यकृताचा धागा यातून हाती लागला. मद्यपानाने म्हणा, काविळीच्या जुनाट विषाणूने म्हणा, ज्याचे यकृत घट्ट होऊन निकामी होत चालले त्या पुरुषाच्या शरीरात हा तोल कायमचा बिघडतो आणि त्याचा धोका वाढतो. इजिप्तमध्ये हा रोग पुरुषांत तुलनेने अधिक का दिसे, याचे कारणही नाईलच्या पाण्यातील कृमींनी होणारा यकृताचा विकार असावा, असे मत मांडले गेले आहे.

आता मुंबईकडे येऊ. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून आले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. या माणसाविषयी एक स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पाहताना ती कोणाची, तो काय खातो, काय नेसतो, कोणत्या जातीत जन्मला, हे ते विचारीत. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे काचून होणारा कातडीचा कर्करोग, काश्मीरकडे पोटाशी धरलेल्या कांगडीने होणारा कर्करोग, तंबाखू-पानाने तोंडात होणारा, अशी भारतीय सवयींची आणि रोगांची सांगड त्यांनी जगापुढे मांडली. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतरांहून अधिक दिसतो, हेही या मुंबईतच लक्षात आले. पुढे डॉ. दाराब जस्सावाला यांनी नवल टाटा यांच्यासमवेत १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी काढली, आणि तिच्याच वतीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. साऱ्या शहराच्या लोकसंख्येचा हिशेब धरणारी ती भारतातील पहिली.

नोंदवही म्हणजे रुक्ष वस्तू, असे आपल्याला वाटते. पण विचार करा: शंभरांत एक असा जो रोगी, तो एका डॉक्टरला जन्मात दोनदा भेटतो किंवा भेटतही नाही. तो दोन वेळचा अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे. साऱ्या शहराचे आकडे एका वहीत आले, वर्षानुवर्षे येत राहिले, तरच दुर्मीळ रोगाला चेहरा मिळतो. १९८२ पासून देशाच्या पातळीवर हे काम चालू झाले आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस खेड्यांसाठी अशी पहिली नोंदवही उघडली गेली. या वह्यांत स्तनाच्या रोगाच्या रकान्यापुढे पुरुषांचा एक लहानसा आकडा सतत दिसतो. लहान, पण शून्य कधीच नाही.

मामांना आम्ही परळला नेले ते १९९५ च्या जानेवारीत. फेरीबोट, बस, मालाडहून गाडी, एल्फिन्स्टन रोडला उतरून पूल चढून पलीकडे. त्या स्टेशनाला २०१८ पासून प्रभादेवी म्हणतात. बाहेरच्या बाकांवर सगळ्या बायका. त्यांच्यामध्ये माझे मामा, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले, एकटेच. नाव पुकारले तेव्हा चार जणींनी मान वर करून मामीकडे पाहिले. मामी जागची हलली नाही, मामा उठले. त्या दोन क्षणांत त्यांच्या तोंडावर जे उमटले ते मी विसरलेलो नाही. आत मात्र कोणाला नवल वाटले नाही. डॉक्टरांनी गाठ चाचपली, काख चाचपली, सुई टोचून पेशी काढल्या आणि विचारले, "काका, इतके दिवस कोठे होता?"

उशिराचा परिणाम पुरुषात अधिक का होतो, हे येथे सांगितले पाहिजे. स्त्रीच्या स्तनात गाठीभोवती पुष्कळ मांस आणि चरबी असते. पुरुषाच्या बोंडीमागे बोटाच्या पेराएवढीही जागा नाही. लहानशी गाठदेखील लवकरच वर कातडीला आणि खाली छातीच्या स्नायूला जाऊन भिडते. म्हणजे एका परीने ती हाताला चटकन लागावयास हवी, आणि लागतेही; पण तिच्याकडे गाठ म्हणून कोणी पाहत नाही. घट्टा, गळू, केसतूड, मार, काहीही म्हणतात. दोराने घासून किंवा मार लागून कर्करोग होत नाही. मार लागला म्हणून हात तेथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते, इतकेच. कठीण, न दुखणारी, बहुधा एकाच बाजूची आणि बोंडीच्या मागची गाठ. आत ओढलेली बोंडी. तिच्यातून स्राव, विशेषतः रक्ताचा. न भरणारा व्रण. काखेत अवधाण नसताना आलेली गाठ: यांपैकी काहीही दिसले तर ते दाखवावयाचे. स्त्रियांच्या मानाने पुरुषांत हा रोग साधारण पाच-दहा वर्षे उशिरा, पुष्कळदा साठीनंतर गाठतो.

मामांवर शस्त्रक्रिया झाली. १८९४ साली बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडने छातीच्या स्नायूंसकट सगळे खरडून काढण्याची जी भयंकर शस्त्रक्रिया रूढ केली, ती पाऊणशे वर्षे जगभर चालली. १९७१ पासून बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत हजारो स्त्रियांची पद्धतशीर तुलना करून दाखविले की एवढे कापल्याने रोगी अधिक जगत नाही. त्या तुलनेत पुरुष नव्हते, पण तिचा लाभ पुरुषांना मिळाला. मामांचा स्नायू राहिला आणि ते पुन्हा वल्हे मारू शकले. नंतर पाच वर्षे त्यांनी टॅमॉक्सिफेनची गोळी घेतली. हे औषध १९६२ साली इंग्लंडमधील एका रासायनिक कंपनीत डोरा रिचर्डसन या विदुषीने तयार केले. ते स्त्री-संप्रेरकाची जागा अडवून बसते. पुरुषांच्या दहांपैकी सुमारे नऊ गाठी या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या असतात. म्हणून स्त्रियांसाठी शोधलेली ही गोळी पुरुषांना उत्तम लागू पडते. "बायकांची गोळी" म्हणून मामा ती तंबाखूच्या डबीत लपवून ठेवीत, ही गोष्ट वेगळी.

एका गोष्टीची मात्र मला चीड येते. औषधांच्या परीक्षणांतून पुरुषांना वर्षानुवर्षे वगळण्यात आले. दुर्मीळ आहेत, आकडे जमत नाहीत, हे कारण. म्हणजे रोगी थोडे म्हणून ज्ञान थोडे, आणि ज्ञान थोडे म्हणून पुढचा रोगीही अंदाजानेच बरा करावयाचा! २०१९ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने पाल्बोसिक्लिब या औषधास पुरुषांसाठी मान्यता दिली ती परीक्षणावरून नव्हे, तर प्रत्यक्ष उपचार घेतलेल्या पुरुषांच्या नोंदी जमवून. त्याच वर्षी त्या खात्याने परीक्षणांत पुरुष घ्यावेत असा मसुदाही काढला. मुंबईतही टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा प्रयोग केला. शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने छाती तपासली तर काय साधते, हे पाहावयाचे होते. २०२१ साली निष्कर्ष आला: गाठी लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्या, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यूही घटले. इतक्या दुर्मीळ रोगासाठी सरसकट सर्व पुरुषांची अशी तपासणी करा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण हाताची किंमत काय, हे त्यातून कळते.

आता वंशाचा धागा. यात पुरुष रोग्यांनी साऱ्या जगावर जो उपकार केला आहे तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाचा वारसा देणाऱ्या एका जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखविली, ते बीआरसीए-१. पण ज्या घराण्यांत पुरुषांनाही हा रोग झाला होता ती घराणी या जनुकाशी जुळेनात. १९९४ साली मायकेल स्ट्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे न जुळणेच महत्त्वाचे मानले, आणि त्याच वर्षी दुसऱ्या जनुकाची जागा तेराव्या गुणसूत्रावर सापडली. १९९५ साली ते जनुकही हाती आले, ते बीआरसीए-२. ज्यांना नवलाची गोष्ट म्हणून शतकानुशतके बाजूस सारले, त्यांनीच हा रस्ता दाखविला. आइसलंडसारख्या लहान देशात या जनुकातील एकच बिघाड पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. तेथील पुरुष रोग्यांपैकी सुमारे पाचांत दोघांत तो आढळला. सामान्य पुरुषाला जन्मभरात हा रोग होण्याचा संभव हजारात एकाच्या आसपास. बीआरसीए-२ बिघडलेल्यास शंभरांत सहासात.

हा बिघाड आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि मुलीला मिळतो तसाच मुलालाही. आमच्या घरात असे सांगत की माझी आजी छातीवरच्या गळवाने गेली. ते गळू नव्हते, हे आता उघड आहे. पण आजीच्या गळवाची आणि मामांच्या दुखण्याची गाठ कोणी घातली नाही. २०१४ साली मामांची मुलगी दुसऱ्याच एका कारणाने एका दवाखान्यात गेली. तेथील कागदावर प्रश्न होता: आई, बहीण, मावशी यांपैकी कोणास स्तनाचा कर्करोग? तिने "नाही" लिहिले, आणि ते खरेच होते. बापाविषयी कोणी विचारले नव्हते. घरी बोलता बोलता ते निघाले तेव्हा मी तिला पुन्हा पाठविले. रक्त तपासले, बिघाड तिच्यात होता, रोग अद्याप नव्हता. तेव्हापासून तिची नियमाने तपासणी होते. माझ्या आईने आणि मीही रक्त दिले. आईत तो बिघाड निघाला नाही, तेव्हा माझ्यात तो तिच्याकडून यावयाचा प्रश्न उरला नाही. माझ्या या मामेबहिणीस दोन मुलगे आहेत. ते मोठे झाल्यावर त्यांना काय सांगावयाचे आणि केव्हा, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

राहिलेली कारणे थोडक्यात सांगतो. वय हे सर्वांत मोठे. लठ्ठपणा दुसरे, चरबीच्या पेशी पुरुष-संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरक करतात, आणि सुटलेले पोट म्हणजे असा एक कारखानाच. उपनगरातील बैठ्या कामाच्या मंडळींनी हे ऐकून ठेवावे. न उतरलेले वृषण, गालगुंडाने सुजलेले वृषण, त्यांना झालेली इजा, ही कारणेही त्याच तोलाशी येऊन मिळतात. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर पूर्वी स्त्री-संप्रेरके देत. त्या काही रोग्यांत छातीचा रोग उद्भवल्याच्या हकीकती आहेत. लहानपणी किंवा तरुणपणी छातीला किरणोत्सर्ग मिळाला असेल तर धोका वाढतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या पुरुषांच्या अभ्यासातही हे दिसले. भट्टीपुढे काम करणाऱ्यांबद्दल शंका घेतली गेली आहे, पण पुरावा कच्चा. अमेरिकेत कॅम्प लेजून नावाच्या लष्करी तळावर १९५३ पासून १९८७ पर्यंत पिण्याचे पाणी रसायनांनी दूषित होते. तेथे राहिलेल्या कित्येक पुरुषांना हा रोग झाला, आणि त्यांनी मोठा लढा दिला. शास्त्रीय दृष्टीने संबंध संभवतो, निर्णायक म्हणता येत नाही. आणि ही सगळी यादी वाचूनही लक्षात ठेवावे की बऱ्याच रोग्यांत यांतले एकही कारण सापडत नाही. माझ्या मामांना दारूचा वास सहन होत नसे.

लाजेविषयी दोन शब्द बोलतो. १९८५ साली ऑक्टोबर महिना या रोगाच्या जागृतीसाठी अमेरिकेत ठरविला गेला, १९९२ साली गुलाबी फीत आली, आणि त्या फितीने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचविले. तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण गुलाबी फीत लावलेल्या दारातून माझे मामा आत गेले नसते, हेही तितकेच खरे. अमेरिकेत रिचर्ड राउंडट्री हा पडद्यावरचा मर्दानी नट. १९९३ साली त्याला हा रोग झाला. पुढे तो त्याविषयी उघडपणे बोलू लागला आणि तीस वर्षे जगून २०२३ साली दुसऱ्याच एका कर्करोगाने वारला. सेनेटर एडवर्ड ब्रुक यांनी वयाच्या त्र्याऐंशीच्या सुमारास आपला रोग जाहीर केला. बियॉन्से या गायिकेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ साली आपल्या गंजिफ्राकावर रक्ताचा डाग दिसत असल्याचे सांगितले. ते वाचले तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि मामीला दूरध्वनी केला. मराठी मुलखात असे जाहीरपणे बोललेला कोणी नामवंत पुरुष मला आठवत नाही.

मामा शस्त्रक्रियेनंतर चौदा वर्षे जगले आणि २००९ साली हृदयविकाराने गेले. पहिली पाच-सहा वर्षे त्यांनी कोणापुढे सदरा काढला नाही. भर उन्हात, बोटीवरसुद्धा. त्यानंतरची एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. एका संध्याकाळी आम्ही मार्व्याहून परतत होतो. बोटीत आमच्याच गावचा एक गडी बसला होता, चाळिशीचा. काखेत काही तरी आले आहे, पण बायकोला सांगितलेले नाही, असे तो मामांच्या कानाशी कुजबुजत होता. मामांनी काही उत्तर दिले नाही. बोट खाडीच्या मध्यावर आली, तेव्हा ते उभे राहिले, सदऱ्याची वरची तीन बटणे काढली आणि सगळ्या उतारूंदेखत त्याचा हात धरून आपल्या छातीवरच्या व्रणावर ठेवला. मग खाली बसून विचारले, "उद्या पहिल्या बोटीने येतोस का माझ्याबरोबर परळला?"